डाव्या डोळ्याचं माप

सूरहून पहाटेची बस धरून आले खल्फान,
बरोबर नात शमसा, पिशवीत सुकवलेला शार्क.
फी म्हणून नव्हे, असंच.
रुवीत आमच्या जिन्याखाली गाड्यांचे एसी दुरुस्त करतात,
वर मी डोळे करते.

मासा ओढत होता, दोरी तुटली, गळ उलटा आला.
हे त्यांनी हातानेच सांगितलं, तर्जनी वाकवून.
मग इस्पितळ, मग पू, मग मुलाची सही,
आणि खोबणीत बसवलेला एक गोळा,
त्याभोवती टाचलेले चार स्नायू,
ज्यांना अजून कुणी कळवलेलं नाही
की बघायचं काम आता संपलं.
उजवा वळला की तेही वळतात, इमानी.

मापाचा लगदा कालवला, घाईघाईने,
दोन मिनिटांत तो घट्ट होतो.
पापणी उचलली.
ते म्हणाले, "हळू."

माझा हात हवेतच.
हिंदी तर इथले म्हातारे सगळेच थोडंफार बोलतात.
हा शब्द हिंदी नव्हता.

जयगड, ते म्हणाले. बापाच्या गलबतावर, दहा वर्षांचा असताना.
खजूर उतरवायचा, कौलं चढवायची.
हमालांच्या रांगेत जो तो कौल पुढे देताना
एवढंच म्हणायचा: हळू, हळू.
पोराला वाटलं, कौलालाच हळू म्हणतात.
घरी जाऊन आईला सांगितलं,
आम्ही तीन हजार हळू आणले.

लगदा वाया गेला. दुसरा कालवला.

लोक काचेचा म्हणतात, पण काच नसते.
कवळीचं असतं तेच साहित्य;
दात आणि डोळे एकाच डब्यातून निघतात.
बुबुळ रंगवताना उरलेला डोळा समोर लागतो,
म्हणून चार-चार तास माणूस पुढ्यात बसवायचा.
इतकं कुणी कुणाकडे बघत नाही, लग्नाचं माणूससुद्धा.
खजुराच्या बीचा तपकिरी. कडेला म्हातारपणाचं निळसर कडं.
शमसा म्हणाली, कडं नको,
फोटोत आहे तसा करा, आजीबरोबरच्या.
खल्फान म्हणाले, म्हातारा करा.
दोघं एकाच दिवशी जन्मलेत.

पांढऱ्यावरच्या शिरा रेशमाच्या असतात.
कंपनीचं रेशीम फार लाल, ताज्या जखमेसारखं.
मी वापरते आईच्या इरकलीच्या पदराचे धागे,
धुऊन धुऊन विटलेले.
मिरजेला फोनवर हे बोललेले नाही.
चांगला पदर उसवतेस, म्हणेल.
ओमानात एकोणीस डोळ्यांत तिचा पदर आहे,
आज विसावा.

दुपारनंतर बसवला.
डोळ्यात तेल घालून, म्हणतो आपण;
माझं ते रोजचंच, बाटलीवर थेंब मोजायची नळी आहे.
वरची पापणी उचलून आत सरकवला,
आणि या वेळी "हळू" मीच म्हटलं.

आरसा दिला. त्यांनी तो मांडीवर पालथा ठेवला
आणि आधी नातीकडे पाहिलं.
ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली,
मग एकदम पिशवीची गाठ सोडायला लागली.
का, ते मला कळलं नाही.

बस पाचची. खाली पत्र्यावर हातोडी चालूच,
तरी खुर्चीतच खल्फानांचा डोळा लागला.
उजवा.
डाव्याची पापणी पुरती मिटत नाही,
कडेला केसभर घासावं लागेल, पुढच्या खेपेस.
तोवर तो अर्धा उघडा,
माझ्या टेबलावरच्या धाग्याकडे बघत.
बघत नाही खरं तर.
बोलायची सवय.